नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन दिल्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "नाताळात दिल्लीला जायचं म्हणतोय, मुलं बरोबर आहेत, झेपेल ना?" नोकरीनिमित्त आम्ही नऊ हिवाळे दिल्लीत काढले, दोन्ही मुलं तिथेच लहानाची मोठी झाली. त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, शाळेतले सगळे आम्हालाच विचारतात. नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. कुठलंही उत्तर वाचा, एक गोष्ट त्यात येईलच: दिल्लीचा हिवाळा उन्हाच्या वेळेवर चालतो. अकरा ते चार हा खरा दिवस. त्याच्या आधी आणि नंतर मुलांना उघड्यावर हिंडवायचा हट्ट धरला, की सहल बिघडते.

थंडी नेमकी किती असते? आमच्याकडेही पारा उतरतोच की.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री ५ ते ८ अंश, एखाद्या रात्री ३-४ सुद्धा. ऊन पडलं तर दुपारी १८-२० पर्यंत जातं. निफाडलाही पारा ५-६ वर येतो, मग दिल्लीचं काय विशेष, असं नाशिककडची मंडळी हमखास म्हणतात. आकडा तोच असतो, पण आपल्याकडे दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. दिल्लीत धुकं दिवसभर हटलं नाही तर दुपारी दोन वाजताही १२-१३ अंशच असतात. भिंती तापत नाहीत, फरशी तापत नाही, गादी तापत नाही. पहिल्या रात्री पांघरुणात शिरल्यावर वाटतं, हे ओलंच आहे. ते ओलं नसतं, गार असतं.

घरांत आणि मध्यम दर्जाच्या बहुतेक हॉटेलांत खोली गरम ठेवायची सोय नसते. बुकिंग करतानाच दोन गोष्टी विचारून घ्या: खोलीत हीटर मिळेल का, आणि गीझर दिवसभर चालू असतो की ठरावीक वेळेत. हीटर रात्रभर लावून झोपू नका. झोपायच्या आधी खोली तापवून घ्या आणि बंद करा. शेगडी किंवा कोळसा बंद खोलीत अजिबात नको.

कपडे कोणते घ्यायचे? इथे घेऊ की तिथे?

एक जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा थर लावा. आत अंगालगत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, मग स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. मेट्रोत गर्दीने उकडतं, बाहेर पडलं की वारा लागतो, त्यामुळे काढता-घालता आलं पाहिजे. कानटोपी आणि मोजे मुलांचे दोन-दोन जोड ठेवा. मोज्यांवर जास्त लक्ष द्या, कारण गुरुद्वारात, मंदिरांत, काही मशिदींत बूट काढावे लागतात आणि संगमरवरावर अनवाणी पाय अक्षरशः बधिर होतात. व्हॅसलीन विसरू नका. दुसऱ्या दिवशीच मुलांचे ओठ फुटतात.

थर्मल आणि मोजे इथूनच न्या, बाकी लोकरीचं तिथे छान मिळतं. सरोजिनी नगर आणि लाजपत नगर हे दोन बाजार हिवाळ्यात स्वेटर-जॅकेटांनी ओसंडून वाहतात. दोन्ही सोमवारी बंद.

हवेबद्दल फार भीती वाटते. मुलांना न्यावं का?

भीती वाटणं बरोबर आहे. या प्रश्नावर आम्ही कोणालाही "काही होत नाही हो" असं सांगत नाही. भारतात हवेच्या निर्देशांकाचे टप्पे असे आहेत: १०० पर्यंत ठीक, २०१ ते ३०० म्हणजे खराब, ३०१ ते ४०० अतिशय खराब, ४०० च्या पुढे गंभीर. डिसेंबरअखेरीस दिल्लीत ३०० च्या वरचे दिवस नेहमीचे. वारा पडतो, थंडीने हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जाऊ शकत नाही. म्हणून सकाळ आणि रात्र सर्वांत वाईट, ऊन चढल्यावर त्यातल्या त्यात बरं.

घरात दम्याचं मूल असेल, किंवा हृदयाचा-फुप्फुसांचा त्रास असलेलं वडीलधारं माणूस असेल, तर आम्ही स्वच्छ सांगतो की दिल्ली फेब्रुवारीच्या शेवटी करा. ऊनही असतं, फुलंही असतात. आमच्या धाकटीला एका डिसेंबरात छातीत घरघर सुरू झाली आणि नेब्युलायझर लावत चार रात्री जागून काढाव्या लागल्या. तेव्हापासून या बाबतीत आम्ही कोणाची भीड ठेवत नाही.

बाकीच्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे अ‍ॅप फोनवर घ्या आणि रोज सकाळी आकडा बघून दिवस ठरवा. ३०० च्या खाली असेल तर बागा आणि किल्ले. त्याच्या वर गेला तर संग्रहालयं. ४०० च्या पुढे असेल त्या दिवशी मुलांना बाहेर पळापळ करू देऊ नका. मोठ्यांना आणि शाळकरी मुलांना एन-९५ मास्क उपयोगी पडतो, कापडी मास्कने काही साधत नाही. दोन-तीन वर्षांच्या बाळाला मास्क नीट बसतच नाही, त्यामुळे त्याला घेऊन गर्दीच्या रस्त्यावर फिरणं टाळणं हाच उपाय.

रेल्वेने जावं की विमानाने? धुक्याचं काय?

धुकं दोघांनाही गाठतं. रात्री उशिरा सुरू होतं आणि सकाळी दहा-अकरापर्यंत टिकतं. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी राजधानी एरवी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला लागते. धुक्याच्या दिवसांत मथुरेच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. आम्ही एकदा पाच तास डब्यात बसून होतो, तेही जवळचा खाऊ आदल्या रात्री संपलेला असताना. गाडीने गेलात तर एक जादा जेवण, पाणी आणि मुलांसाठी पत्त्यांचा जोड बरोबर ठेवा. आणि पोहोचण्याच्या दिवशी कुठलंही तिकीट काढून ठेवू नका.

विमान घ्यायचं तर दिल्लीला दुपारी उतरणारं किंवा दुपारी निघणारं घ्या. पहाटेचं विमान स्वस्त दिसतं, पण लांबलं की अख्खा दिवस विमानतळावर जातो.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीचं २५ ऑक्टोबरला. दिवाळीच्या धामधुमीत हे निसटतं, कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.

नाताळ म्हणून दिल्लीत खास काय बघायला मिळतं?

आमच्या मते तीन चर्च, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

सगळ्यांत गजबजलेलं म्हणजे गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रल. कॅनॉट प्लेसपासून चालत जाता येतं. २४ च्या रात्री आणि २५ ला दिवसभर इथे सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्ती लावायला येतात. बाहेर रस्त्यावर सांताच्या लाल टोप्या, फुगे, भाजलेल्या शेंगा, जत्राच असते. आत गव्हाणीचा देखावा असतो: गवत, मेंढ्या, मधे बाळ. आपल्याकडे गोकुळाष्टमीला पाळणा सजवतात, त्याची आठवण होते आणि मुलांना गोष्ट सांगायला वेगळं काही लागत नाही. २५ च्या संध्याकाळी आसपासचे रस्ते बंद करतात आणि रांग फार लांब होते, म्हणून लहान मुलं असतील तर २६ किंवा २७ ला दुपारी जा. देखावा तेव्हाही असतो, आणि शांतपणे बघता येतो.

दुसरं राष्ट्रपती भवनाच्या जवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन. १९३१ सालचं. या दोन्ही चर्चचा वास्तुरचनाकार एकच, हेन्री मेड. दोन्ही एकाच दिवशी बघितली तर मुलांना विचारा, एकाच माणसाने बांधलीत यावर विश्वास बसतो का? आमच्या मोठ्याने अर्धा तास साम्यं शोधली होती.

तिसरं काश्मिरी गेटचं सेंट जेम्स चर्च, आमचं सर्वांत आवडतं. पिवळट रंगाची इमारत, वर घुमट, चहूकडे झाडं. हे बांधून घेतलं जेम्स स्किनर याने. रणांगणावर जखमी होऊन पडला असताना वाचलो तर चर्च बांधीन असा नवस त्याने केला होता, असं सांगतात. १८३६ मध्ये तो नवस फेडला गेला. मराठी माणसाला यातलं विशेष म्हणजे स्किनर १८०३ पर्यंत शिंद्यांच्या फौजेत होता. दिल्लीत चर्च बघायला जावं आणि तिथेही शिंदे भेटावेत, याचं आम्हाला दर वेळी अप्रूप वाटतं.

प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोटो नंतर काढा. मध्यरात्रीच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, मुलांना नेऊ नका. थंडी आणि गर्दी दोन्ही त्यांना झेपत नाहीत.

नाताळाशिवाय या दिवसांत आणखी काही असतं का?

शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांची जयंती डिसेंबर-जानेवारीतच येते, आणि त्यांच्या लहानग्या साहिबजाद्यांच्या, म्हणजे मुलांच्या, बलिदानाचे दिवसही याच सुमारास पाळतात. बंगला साहिब गुरुद्वारा सेक्रेड हार्टपासून हाकेच्या अंतरावर आहे, दोन्ही एकाच दुपारी होतात. डोकं झाकायला रुमाल न्या. सरोवराच्या काठाने एक फेरी मारा आणि लंगरमध्ये पंगतीत बसून जेवा. गरम डाळ, रोटी, खीर. पोळ्या वाढताना दोन्ही हात पुढे करून घ्यायच्या असतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा. जेवण झाल्यावर सेवा करायची इच्छा असेल तर भांडी घासायला, लसूण सोलायला कोणालाही बसता येतं. आमची मुलं दिल्ली सोडताना काय आठवेल म्हणून विचारलं तर हेच म्हणाली होती.

सोमवारी काय करायचं? सगळं बंद असतं म्हणतात.

लाल किल्ला, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, राष्ट्रीय संग्रहालय, बाहुली संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय हे सोमवारी बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर, लोधी गार्डन, राष्ट्रीय विज्ञान केंद्र चालू. प्राणिसंग्रहालयाची सुट्टी शुक्रवारी, आणि आग्र्याचा ताजमहालही शुक्रवारीच बंद. हे दोन वार लक्षात ठेवून मगच आराखडा करा.

मुलं पाच आणि नऊ वर्षांची आहेत. दोघांनाही आवडेल असं काय?

चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, यात दुमत नाही. १९७७ पासून आहे. उघड्या मैदानात जुनी इंजिनं आणि डबे उन्हात उभे असतात, मधून छोटी गाडी मुलांना फिरवते. धाकट्याला गाडीत बसवा, आणि मोठ्याला पतियाळा संस्थानची मोनोरेल दाखवा. एका रुळावर चालणारी वाफेची गाडी, १९०७ सालची! एक चाक रुळावर आणि तोल सांभाळायला दुसरं मोठं चाक रस्त्यावर. समोर उभं राहून नीट बघितल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. आमचा मोठा तिथेच मांडी घालून बसला आणि वहीत चित्र काढलं. तीन तास आरामात जातात.

ऊन चांगलं असेल तर प्राणिसंग्रहालयही घ्या, आणि ते वाघासाठी म्हणून घेऊ नका. तिथल्या तळ्यांवर दर वर्षी पावसाळा सरताना मोकळे, रानटी चित्रबलाक (करकोचे) येऊन घरटी करतात आणि हिवाळाभर राहतात. कोणी पाळलेले नाहीत, आपणहून येतात. एकेका झाडावर दहा-वीस घरटी, पिल्लांचा कालवा, गुलाबी पिसांची ये-जा. दुर्बीण असेल तर न्या. शेजारीच पुराना किला आहे.

हवा खराब असलेल्या दिवसासाठी राष्ट्रीय विज्ञान केंद्र. हात लावून, ओढून, फिरवून बघायची उपकरणं असल्याने मुलं कंटाळत नाहीत. बहादूरशाह जफर मार्गावरचं बाहुली संग्रहालय व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये सुरू केलं. देशोदेशीच्या हजारो बाहुल्या आहेत. सगळ्या काचेमागे, त्यामुळे पाच वर्षांचं मूल तासाभरात चुळबुळ करू लागतं.

आणि एक दुपार काहीही न बघण्यासाठी ठेवा. हुमायूनच्या कबरीशेजारची सुंदर नर्सरी ही सुमारे ९० एकरांची बाग २०१८ मध्ये नव्याने खुली झाली. सतरंजी, संत्री, शेंगा आणि चेंडू घेऊन जा. दिल्लीकर हिवाळ्यात नेमकं हेच करतात: उन्हाकडे पाठ करून बसतात, संत्री सोलतात आणि गप्पा मारतात.

लाल किल्ला मुलांना कंटाळवाणा वाटेल का?

नुसतं "हे दिवाण-ए-आम, हे दिवाण-ए-खास" करत नेलं तर वाटेल. आपल्या बाजूने गोष्ट सांगितली तर नाही.

दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून मुलांना वर बघायला सांगा. त्या छताला पूर्वी चांदी होती. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा उरला नव्हता, यमुनेपलीकडे अब्दाली तळ देऊन बसलेला. भाऊंनी छताची चांदी काढवली आणि तिचे रुपये पाडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. हे सगळं पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या छताखाली उभं राहून सांगितलं की नऊ-दहा वर्षांचं मूल प्रश्न विचारायला लागतं. चांदी काढणं बरोबर होतं का? दुसरा उपाय नव्हता का? आमच्या घरी ही चर्चा परतीच्या मेट्रोत आणि नंतर जेवणाच्या पाटावरही चालू राहिली होती.

पुढे महादजी शिंद्यांनी दिल्लीवर जम बसवला आणि १७८८ पासून १८०३ पर्यंत या किल्ल्यावर मराठ्यांचा ताबा होता. हे तिथल्या वाटाड्यांकडून क्वचितच ऐकायला मिळतं, म्हणून घरूनच वाचून जा.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट फोनवरून आधीच काढा, खिडकीवरची रांग मोठी असते. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या तयारीसाठी किल्ला काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा सुट्टी पुढे ढकलली असेल तर तपासून घ्या.

हिवाळ्यात दिल्लीत काय खायचं?

दौलत की चाट! नावात चाट असली तरी हे गोड आहे, आणि फक्त थंडीत मिळतं. दूध रात्रभर थंडीत ठेवून पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस हलकेच काढून घेतात. चांदणी चौकाच्या गल्ल्यांत विक्रेता वेताच्या तिवईवर मोठी परात मांडून बसलेला दिसतो. परातीत केशराने पिवळसर झालेला फेसाचा डोंगर, वर पातळ कापड. तो चमच्याने एक ढलपा उचलतो, द्रोणात ठेवतो, वर खवा आणि भुरा साखर पेरतो. तोंडात घातलं की काही खाल्लं असं वाटतच नाही, नुसती गोडी उरते. धाकटीने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तोंड उघडून दाखवत म्हणाली, "गेलं!" दुपार चढली की फेस बसतो, त्यामुळे एकच्या आत गाठा.

बाकी गाजराचा हलवा (तिकडची गाजरं लाल असतात, आपल्या नारिंगी गाजरांना ती चव येत नाही), निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्याची लिंबू पिळलेली शकरकंदी, रेवडी, गजक (तीळ-गुळाची कुरकुरीत वडी). नाताळचा प्लम केक हवा असेल तर कॅनॉट प्लेसमधली वेंगर्स ही १९२६ पासूनची बेकरी आहे.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद असतो. सायकलरिक्षा करा, भाडं आधी ठरवा.

चार दिवस छोले-पनीर खाऊन मुलं कंटाळली तर?

कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, तिथे आपलं जेवण मिळतं. फिरोजशाह मार्गाजवळच्या आंध्र भवनाची थाळी तर सगळ्या दिल्लीत प्रसिद्ध: भात, सांबार, पप्पू (म्हणजे त्यांचं वरण), पापड, वाढतच राहतात. भात-वरणावर वाढलेल्या मुलांना तिथे हायसं वाटतं.

मेट्रो मुलांना घेऊन जमेल का?

जमेल, आणि तेच करा. ९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट नाही. पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव. बाबांना दुसऱ्या डब्यात चढावं लागतं, मग उतरायचं स्टेशन आधी ठरवा. राजीव चौकात गाडी बदलताना गर्दी ढकलत नेते, तिथे लहानग्याला कडेवर घ्या. मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

विमानतळाहून टर्मिनल ३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला सोडते, टर्मिनल १ साठी मजेंटा लाइन. एअरपोर्ट एक्स्प्रेसवर 'शिवाजी स्टेडियम' नावाचं स्टेशन लागतं. मुलांना आधी सांगू नका, घोषणा झाली की त्यांचे चेहरे बघा.

राष्ट्रपती भवन आतून बघता येतं का?

येतं. आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ओळखपत्र मूळ लागतं. शनिवारी सकाळी पहारा बदलण्याचा सोहळाही बघता येतो, घोड्यांमुळे मुलांना फार आवडतो. फुलांची बाग मात्र फेब्रुवारीत उघडते, डिसेंबरात तिची आशा धरू नका.

एका दिवसात आग्रा करून यावं का?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, लहान मुलांसह, रस्त्याने: नको. यमुना एक्स्प्रेसवेवर धुक्यामुळे १५ डिसेंबरपासून वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणतात, ते उगाच नाही. पहाटे निघायचं आणि धुक्यात परतायचं, यात धोका आहे. शिवाय सकाळी ताजमहालासमोर उभं राहून पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच दिसत नाही, असंही होतं. जायचंच असेल तर आग्र्यात एक रात्र मुक्काम करा आणि ताज दुपारी बघा.

आणि पानिपत?

हो. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर. धुकं निवळल्यावर दहाच्या पुढे निघा, चारला परत फिरा. शहराबाहेर काला आंब इथे स्मारक आहे: बाग, मधोमध विटांचा लाल स्तंभ, आणि चहूकडे हरियाणाची हिरवीगार गव्हाची शेतं. बघायला म्हणाल तर एवढंच. आम्ही गेलो तेव्हा कोणीच नव्हतं. थंडी हाडात शिरत होती, आणि उपाशीपोटी, जानेवारीत, त्या मोकळ्या मैदानात आपली माणसं कशी लढली असतील हे मुलांना न सांगताच कळलं. मोठा परत येईपर्यंत गप्प होता. दिल्लीत चार दिवस असतील तर आग्र्याऐवजी आम्ही पानिपतच सुचवू.

३१ डिसेंबरच्या रात्री कुठे जावं?

मुलांबरोबर कुठेच नाही. कॅनॉट प्लेसमध्ये रात्री आठच्या सुमारास गाड्यांना बंदी होते, आणि राजीव चौक मेट्रोतून रात्री नऊनंतर बाहेर पडू देत नाहीत. संध्याकाळी पाचपर्यंत सजावट बघून मुक्कामी या. १ जानेवारीला इंडिया गेट आणि प्राणिसंग्रहालयाकडे फिरकू नका, अर्धी दिल्ली तिथेच असते. इंडिया गेट आणि त्यामागचं राष्ट्रीय युद्धस्मारक २७-२८ च्या दुपारी करून टाका. स्मारकाच्या भिंतींवर शहीद जवानांची नावं कोरलेली आहेत. मराठी आडनावं शोधायला मुलांना सांगा, फार वेळ लागत नाही.

आजी-आजोबा बरोबर आहेत.

मग दिवसाला एकच ठिकाण. गुडघे थंडीत धरतात, औषधं आठवणीने न्या. मेट्रोला लिफ्ट आहेत. अक्षरधाम त्यांना आवडेल, पण तिथे फोन-कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, तपासणीची रांग लांब असते, आणि संध्याकाळच्या पाण्याच्या खेळाला उघड्या पायऱ्यांवर गारठत बसावं लागतं. दुपारी बाराला आत शिरा, ऊन असेपर्यंत बाहेर पडा.

एकूण किती दिवस ठेवावेत?

पाच रात्री. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धुक्याच्या नावे सोडा, मधे चार दिवस उरतात. रोज सकाळी नाश्ता निवांत, अकराला बाहेर, दुपारचं जेवण बाहेरच, पाचला परत. संध्याकाळी मुलांना गरम पाण्याने आंघोळ घाला आणि खोलीतच पत्ते खेळा.

परत येताना काय आणावं?

गजक आणि रेवडी. पंधरा दिवसांवर संक्रांत असते, तिळगुळाबरोबर वाटता येते. गजक सामानाच्या तळाशी ठेवू नका, चुरा होतो. हातातल्या पिशवीत, मुलांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणा. घाटाच्या खाली उतरलात की तो स्वेटर तसाही कोणी घालणार नाही.